विमा भरतीपुरता, गोळ्या रोजच्या

लोधीखेड्यात मोठेबाबांच्या आजाराला कोणी आजार म्हणत नसे. "त्यांचं डोकं फिरतं," एवढंच. तीन-तीन रात्री झोप नाही, दुकानातला माल उधारीवर वाटून टाकायचा, मग दोन महिने खाटेवरून उठायचं नाही. आधी त्यांना जामसावळीच्या हनुमानाकडे नेलं. आपल्या सौंसर भागात असं किती घरांनी केलंय ते आपल्याला ठाऊक आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तिथे निदान अशा माणसाला कोणी हाकलत नाही. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी बायपोलर आजार असल्याचं सांगून लिथियम सुरू केलं आणि मोठेबाबा पुन्हा दुकानात बसू लागले.

2021 मध्ये त्यांना नागपुरात नऊ दिवस भरती करावं लागलं. घरातला इंजिनीअर म्हणून कागदपत्रं माझ्याकडे आली. विमा कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं: मानसिक आजार पॉलिसीत वगळलेला आहे. हीच ओळ वाचून बरेच लोक गप्प बसतात. पण 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 21(4) म्हणतं की शारीरिक आजाराला ज्या अटींवर विमा मिळतो, त्याच अटींवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. विमा नियामकानेही त्याच ऑगस्टमध्ये कंपन्यांना तसं कळवलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं: पॉलिसी 3 लाख 95 हजारांची, पण मानसिक आजार तिच्यातून वगळलेला. 2021 मध्ये न्यायालयाने ते वगळणं अमान्य केलं. मी कलमाचा उल्लेख करून लेखी तक्रार दिली आणि क्लेम मंजूर झाला.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण भरतीनंतरच्या साठ दिवसांची औषधांची बिलं मिळाली आणि मग पैसे थांबले. ते नियमानेच थांबले, कारण बहुतेक पॉलिसी भरतीच्या खर्चासाठी असतात. हा आजार मात्र नऊ दिवस दवाखान्यात असतो आणि उरलेली वर्षं घरात. लिथियमला तर रक्ताच्या तपासण्याही लागतात: रक्तातलं प्रमाण, किडनी, थायरॉइड. पॉलिसीत ओपीडीचा वेगळा भाग नसेल तर हे सगळं आपल्या खिशातून. तरुण मंडळींनी पॉलिसी घेताना आधी हा भाग बघावा. आणि जुना आजार लपवू नये. 2024 पासून जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे. लपवून क्लेम गमावण्यापेक्षा ती परवडते.

गेल्या दिवाळीत मोठेबाबा पुन्हा बिघडले. गोळ्या मोजल्या तर महिना उलटूनही अर्ध्या तशाच.

"मी आता चांगला हाओ, रोज कायले खाऊ?" ते म्हणाले.

खरं मोठीआईने नंतर सांगितलं. नागपूरची फेरी म्हणजे दुकान बंद, बसचं भाडं, डॉक्टरची फी. म्हणून ते एका महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवत होते. कोणावर भार नको, हा त्यांचा हिशेब.

त्याच कायद्याचं कलम 18 यासाठीच आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं मोफत आणि सदैव मिळायला हवीत. राष्ट्रीय यादीत लिथियम आहे, रिस्पेरिडोन आणि फ्लुऑक्सेटिनही आहेत. आपल्या राज्याची मोठी मनोरुग्णालयं ग्वाल्हेर आणि इंदूरला. आपल्यासाठी ती नागपूरपेक्षा कितीतरी लांब. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी मिळणाऱ्या गोळीला आपल्याकडे जास्तच किंमत आहे.

एका सरकारी दवाखान्यात मी चिठ्ठी दाखवली. औषध देणारा मुलगा भला होता, पण म्हणाला, "हे इथे येत नाही, जिल्ह्यावर बघा." मी अर्ज लिहिला, कलम लिहिलं, पोच घेतली. तिसऱ्या महिन्यात लिथियमची पाकिटं आली. चौथ्या महिन्यात नव्हती. मी दुसरा अर्ज दिला आहे, आणि तोवर पुरतील एवढ्या गोळ्या नागपूरहून आणून मोठीआईच्या डब्यात ठेवल्या आहेत.