रात्रीचे दहा : शिरपुरात आणि स्टुटगार्टमध्ये

18 डिसेंबर 2022 च्या रविवारी कतारमधील लुसैल येथे अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना तीन-तीन अशा बरोबरीनंतर पेनल्टीच्या फटक्यांवर येऊन ठेपला आणि अर्जेंटिनाने तो चार-दोन असा जिंकला, तेव्हा जर्मनीतील घड्याळांत संध्याकाळचे सात वाजत आले होते, तर शिरपुरात रात्रीचे साडेअकरा होत होते. त्याच्या आठ वर्षे आधी, 13 जुलै 2014 रोजी, रिओ दि जानेरोत जर्मनीने याच अर्जेंटिनाला जादा वेळेत, 113 व्या मिनिटाला झालेल्या एकमेव गोलाने हरविले; त्या वेळी जर्मनीतच रात्रीचे साडेअकरा होऊन गेले होते आणि आपल्याकडे पहाटेचे तीन. विजयाचा क्षण कोणाच्या सोयीने येत नाही. तो ज्या घटकेस येईल त्या घटकेस माणसे घराबाहेर धावतात, गळे मोकळे करतात, वाहनांचे भोंगे वाजवितात. आणि त्याच घटकेस शेजारच्या भिंतीआड कोणी तान्हे मूल, कोणी आजारी म्हातारा, कोणी रातपाळीहून परतलेला कामगार झोपेच्या आधीन झालेला असतो.

त्या घटकेस एकाचा आनंद आणि दुसऱ्याची झोप यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न शिरपुरात बसून विचारण्याचे कारण उघड आहे. अरुणावतीच्या काठचे धुळे जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव गेल्या काही दशकांत औषधनिर्माण आणि अभियांत्रिकी यांच्या शिक्षणाचे केंद्र झाले आणि येथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांस पुणे-मुंबईइतकाच परदेशही जवळचा वाटू लागला. त्यातच 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. ज्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट आहे, आणि जे स्टुटगार्ट 1968 पासून मुंबईचे भगिनी-शहर म्हणून ओळखले जाते, तेथे जाण्याच्या तयारीत आज महाराष्ट्रातील कितीतरी मुले जर्मन भाषेचे वर्ग करीत आहेत. व्याकरण शिकविणारे वर्ग पुष्कळ आहेत. परंतु त्या देशातील शांततेची रीत समजावून सांगणारा कोणी असावा, असे मला मनापासून वाटते.

ती रीत थोडक्यात अशी. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतचा काळ हा झोपेचा काळ मानला जातो आणि त्या वेळात आपल्या घरातला आवाज आपल्या घरापलीकडे जाऊ न देणे हे प्रत्येक रहिवाशाचे कर्तव्य समजले जाते. रविवार आणि सार्वजनिक सुट्या यांना तर राज्यघटनेचेच संरक्षण आहे : 1919 च्या वायमार संविधानातील रविवारच्या विश्रांतीचे कलम आजच्या जर्मन घटनेने जसेच्या तसे स्वीकारले आहे. म्हणून रविवारी वस्तीत गवत कापण्याचे यंत्र चालवीत नाहीत, भिंतीला ड्रिल लावीत नाहीत, काचेच्या रिकाम्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकण्यासही बहुतेक ठिकाणी मनाई असते. भाड्याच्या घराचा करारनामा करताना इमारतीचे नियम बहुधा सोबत जोडलेले असतात आणि त्यांवरही आपली सही लागू होते. वारंवार उल्लंघन झाल्यास प्रकरण घर सोडण्याच्या नोटिशीपर्यंत जाऊ शकते. मोटारीचा भोंगा धोक्याच्या इशाऱ्यासाठी आहे, हर्ष व्यक्त करण्यासाठी नाही, असे तेथील वाहतुकीचा कायदा सांगतो. मात्र मोठ्या सामन्याच्या रात्री विजयी मोटारींच्या रांगांकडे पोलीस थोडा वेळ काणाडोळा करतात, हेही खरे.

येथे नवख्या माणसाची एक गैरसमजूत दूर केली पाहिजे. वर्षातून एकदा मोठ्या आवाजाचा समारंभ करण्याचा हक्क प्रत्येकास आहे, किंवा जिन्यात चिठ्ठी लावून शेजाऱ्यांस आगाऊ कळविले की रात्रभर परवाना मिळाला, अशी समजूत तेथे गेलेल्यांत आढळते. खुद्द जर्मन लोकांतही ती आहे. कायद्यात तिला आधार नाही. चिठ्ठी लावणे हा सौजन्याचा भाग आहे आणि तो अवश्य पाळावा, कारण आधी कळविलेला आवाज माणूस सोसतो आणि अचानक आलेल्या आवाजाने तो संतापतो. परंतु दहा वाजले की शेजाऱ्याचा हक्क सुरू होतो, चिठ्ठी असो वा नसो.

ज्या देशात शांततेचा अंमल इतका कडक, त्याच देशाचे केंद्र सरकार फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धा आल्या की विशेष अध्यादेश काढते, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. 2014 च्या विश्वचषकासाठी आणि 2024 च्या युरोपीय स्पर्धेसाठी असे अध्यादेश निघाले. मोठ्या पडद्यावर उघड्या मैदानात सामना दाखवायचा असेल, तर रात्री दहानंतरही परवानगी देण्याचा अधिकार त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांस दिला. पण ती सवलत सरसकट नव्हती. जागा कोणती, वस्ती किती अंतरावर आहे, किती वाजेपर्यंत, लागोपाठ किती रात्री, या सर्वांचा विचार करून, एका पारड्यात लोकांचा आनंद आणि दुसऱ्या पारड्यात शेजाऱ्यांची झोप घालून प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र निर्णय करावयाचा होता. म्हणजे 2014 च्या त्या रविवारी रात्री साडेअकरानंतर जर्मनीच्या चौकाचौकांत जो जल्लोष उसळला, त्यासाठी सरकारी दप्तरात कित्येक आठवडे आधी जागा करून ठेवलेली होती.

हे सर्व ऐकून, तो शिस्तीचा देश, आपली गोष्ट वेगळी, असे म्हणण्याचा मोह होतो. त्या मोहास आपला स्वतःचा कायदा आड येतो. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली केंद्र सरकारने 2000 साली केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, असेच लिहिले आहे. वस्तीच्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40, अशी मर्यादा घातलेली आहे. जर्मनीतील सर्वसाधारण निवासी भागासाठी औद्योगिक आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 40 अशी आहे. कागदावर शिरपूर आणि स्टुटगार्ट यांच्यात केवळ पाच डेसिबलांचे अंतर उरते! 2010 च्या सुधारणेने तर रात्रीच्या वेळी निवासी भागात निकडीवाचून भोंगा वाजविण्यास आणि आवाजाचे फटाके उडविण्यासही बंदी केली. 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आणि 2016 मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने, या नियमांच्या अंमलबजावणीसंबंधी विस्तृत आदेश दिले. तेव्हा परदेशी जाणाऱ्या मुलास जी शिस्त परकी वाटते, ती त्याच्या जन्मगावी त्याच्या बालपणापासून लागू होती; ती पाळली जाताना त्याने पाहिली नाही, एवढेच.

या आकड्यांचा अर्थ सामान्य वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही, कारण डेसिबल सरळ बेरजेने चढत नाहीत. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. डीजेच्या भिंतीसमोर शंभर डेसिबल असतील, तर ती रात्रीच्या 45 डेसिबलांच्या तीन लाख पटींहून अधिक ऊर्जा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली युरोपासाठी केलेल्या मार्गदर्शनात रात्री घराबाहेरचा आवाज सरासरी 40 डेसिबलांच्या आत असावा असे म्हटले आहे, आणि त्यामागचे कारण गंभीर आहे : मनुष्य जागा झाला नाही तरी झोपेतल्या झोपेत त्याचे हृदय जोराने चालू लागते, रक्तदाब वाढतो, आणि सकाळी त्यास रात्रीची आठवणही नसते.

आमच्या खानदेशात ही जाणीव मुळीच नव्हती, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. लग्नाची वरात वाजतगाजत निघाली आणि वाटेत दुखवट्याचे घर लागले की वाजंत्री आपसूक थांबते आणि ते घर ओलांडल्यावरच पुन्हा सूर धरते. यासाठी कोणी हुकूम काढला नाही. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची येते, त्या आठवड्यात कापसाला पाणी देऊन पहाटे परतलेल्या माणसाच्या दाराशी मुले खेळू लागली, तर आजी "बस करा रे भो" म्हणून त्यांना दुसऱ्या गल्लीत पिटाळते. धुळे शहरात 1895 साली गणपतीच्या मिरवणुकीवरून मशिदीसमोर दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली आणि त्या गणपतीस ‘खुनी गणपती’ हे भीषण नाव कायमचे चिकटले. आज त्याच गणपतीची पालखी त्या मशिदीपाशी येते तेव्हा मुसलमान मंडळी फुलांनी तिचे स्वागत करतात. एका जिल्ह्याने वाद्यांच्या आवाजापायी रक्त सांडलेले पाहिले आणि पुढे दोन्ही बाजूंनी एकमेकांचा मान राखून त्याच रस्त्यावरून मिरवणूक नेण्याची रीत बसविली, हा इतिहास शिरपूरच्या प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवा. परदेशातील शेजाऱ्याशी कसे वागावे, याचा धडा त्याला घराजवळच मिळेल.

आता आनंदाचे काय? कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉल जिवाभावाने जोपासला आहे. पाटाकडील, दिलबहार यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते. 29 जून 2024 च्या रात्री बार्बाडोस येथे भारताने ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झाले होते आणि गावोगावचे चौक माणसांनी फुलून गेले. हा उमाळा खरा आहे, आणि तो दडपावा असे मी कधीही म्हणणार नाही. तो न दडपताही आवरता येतो : 4 जून 2013 रोजी जपानचा फुटबॉल संघ विश्वचषकास पात्र ठरला तेव्हा टोकियोच्या शिबुया चौकात लोटलेल्या तरुणांना एका पोलिसाने ध्वनिवर्धकावरून इतक्या प्रेमळ आणि खेळकर शब्दांत रस्ता मोकळा करण्याची विनंती केली की जमावाने त्याचाच जयजयकार केला. पुढे त्याच्या खात्याने त्याचा गौरवही केला.

आपल्या नियमांत रात्री बारापर्यंत ध्वनिवर्धकाची सवलत वर्षातून पंधरा दिवस देता येते, पण ती सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांपुरती. खेळातील विजयाचा तेथे उल्लेख नाही. माझ्या मते ही उणीव आहे. अंतिम सामन्याची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. त्या एका रात्रीसाठी गावाबाहेरचे, दवाखान्यापासून दूरचे एक मैदान नेमावे, नगरपरिषदेने तेथे पडदा लावावा, संपण्याची वेळ परवान्यावर लिहावी, ती आठ दिवस आधी चौकात जाहीर करावी आणि त्या रात्री वस्तीतून एकही भोंग्यांची फेरी जाऊ देऊ नये. अशा तरतुदीची मागणी क्रीडामंडळांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्वतः अर्ज करून शासनाकडे केली पाहिजे, आणि त्या अर्जावर मैदानालगतच्या रहिवाशांच्या सह्या सर्वांत आधी घेतल्या पाहिजेत.