उडी केवढी, कोठून कोठवर?

शब्द आपले घर सोडून परक्या मुलखात गेले, की सगळे सामान बरोबर नेतातच असे नाही. ‘क्वांटम लीप’ अथवा भारतीय इंग्रजीत अधिक रुळलेला ‘क्वांटम जम्प’ हा शब्दप्रयोग याचे ठळक उदाहरण होय. एखादी गोष्ट अचानक आणि प्रचंड प्रमाणात बदलली असे सांगायचे झाले, की अर्थसंकल्पावरील भाषणांत, कंपन्यांच्या अहवालांत आणि समारंभाच्या व्यासपीठांवर तो हमखास अवतरतो. कोशकारांनीही हा अर्थ केव्हाच मान्य केला आहे. तथापि शब्दाच्या माहेरी चौकशी केली, तर निराळीच हकीकत हाती येते.

ऊर्जा ही अखंड धारेने नव्हे, तर ठरावीक पुंजांच्या रूपाने दिली-घेतली जाते, ही कल्पना माक्स प्लांक यांनी डिसेंबर १९०० मध्ये मांडली. तिच्या आधारे नील्स बोर यांनी १९१३ साली हायड्रोजनच्या अणूचे चित्र रेखाटले. त्यात इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच राहू शकतो. एका कक्षेतून दुसरीत जाताना मधल्या जागी त्याला थारा नाही. तिसऱ्या कक्षेतून तो दुसरीत आला, की तांबड्या प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो. बोर यांच्या गणिताप्रमाणे या दोन कक्षांतील अंतर मिलिमीटरच्या सुमारे अडतीस लाखाव्या हिश्श्याएवढे भरते. प्रचंडतेचे प्रतीक म्हणून मिरवणारी उडी मुळात ही एवढीशी!

म्हणून हा प्रयोग सरसकट चुकीचा ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. या उडीचे नावीन्य तिच्या लांबीत नव्हतेच. मधली पायरी नसण्यात होते, आणि तेवढा आशय व्यवहाराने जपला आहे. गळाले ते मोजमाप. पदार्थवैज्ञानिकाची उडी कोणत्या पातळीवरून कोणत्या पातळीवर हे नेमके ठरलेले असते. व्यासपीठावरच्या उडीला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. असतो तो केवळ टाळ्यांचा कडकडाट.

अशा अर्थाच्या शब्दांची वाण कोणत्याच भाषेत नाही. इंग्रजीतील ‘सी चेंज’ हा प्रयोग शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातून आला. तेथे तो समुद्रतळाशी बुडालेल्या देहाच्या रूपांतरासंबंधी आहे. ‘ब्रेकथ्रू’ शत्रूची फळी फोडणाऱ्या सैन्याची आठवण देतो. मराठी तर या बाबतीत अधिकच चोखंदळ आहे. ‘रातोरात’ वेग सांगतो, ‘आमूलाग्र’ व्याप्ती सांगतो, ‘कायापालट’ रूप बदलल्याचे सांगतो, तर ‘ध्यानीमनी नसताना’ पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था. ‘बघता बघता’ तर मोठा मार्मिक आहे: बदल डोळ्यांदेखत झाला, पण तो होत असल्याचे कळले नाही, अशी कबुलीच त्यात आहे. वेगळ्या प्रश्नांची ही वेगळी उत्तरे एकटा ‘क्वांटम जम्प’ गिळून टाकतो.

हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न नव्हे. भारतातील गव्हाचे उत्पादन १९६६-६७ साली सुमारे १ कोटी १४ लाख टन होते. पुढच्याच वर्षी ते १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. ही वाढ सुमारे ४५ टक्क्यांची. पण आरंभीचे वर्ष दुष्काळाचे होते. त्याऐवजी १९६४-६५ च्या चांगल्या हंगामातील १ कोटी २३ लाख टनांशी तुलना केली, तर तीच वाढ ३४ टक्क्यांच्या आसपास येते. यश तेव्हाही मोठेच राहते; पण उडी कोठून मोजली हे विचारल्याने तिची खरी लांबी कळते.

शिवाय ती एका वर्षात घेतलेली नव्हती. बुटक्या गव्हाचा गुण जपानच्या ‘नोरिन १०’ या वाणातून आला. नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत १९४४ पासून खपत होते. १९६३ साली ते भारतात येऊन गेले. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाणे येथील मातीत पारखली. आधारभूत किमतीची शिफारस करणारा आयोग आणि अन्न महामंडळ १९६५ साली उभे राहिले. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आले. आणि अनोळखी बियाण्यावर अख्खा हंगाम पणाला लावला तो शेतकऱ्यांनी. ‘उडी’ म्हणताच ही सारी माणसे आणि वर्षे दृष्टीआड होतात. आणि पुढची उडी तयारीवाचूनच घेता येईल, असा भ्रम राज्यकर्त्यांना होतो.

खुद्द विज्ञानानेही या शब्दाचा फेरविचार थांबवलेला नाही. अशा उड्या खरोखर असतात काय, असा सवाल श्रोडिंगर यांनी १९५२ साली केला होता. १९८६ साली एकेकट्या आयनात त्या प्रत्यक्ष दिसल्या. पुढे २०१९ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी एका कृत्रिम अणूवर प्रयोग करून दाखवले, की उडी सुरू होण्याची चाहूल आधी लागते, तिला स्वतःचा एक क्षणिक मार्ग असतो आणि ती अर्ध्यावरून परतवताही येते.

अणूच्या उडीलाही चाहूल आणि मार्ग असेल, तर समाजाच्या उडीला तो नसेल कसा? तेव्हा यापुढे कोणी ‘क्वांटम जम्प’ची ग्वाही दिली, तर श्रोत्यांनी तीनच प्रश्न विचारावेत: कोठून, कोठवर आणि कोणाच्या श्रमावर? उत्तरे मिळाली तर शब्द सार्थ; न मिळाली तर उडी जिभेची समजावी.