मेळघाटला जाताना

कामतघरच्या वऱ्हाळा तलावाकाठी संध्याकाळी फिरताना भूक लागली तर दुकान जवळ असते आणि पाय मुरगळला तर रिक्षा मिळते. मेळघाटात तसे नाही. म्हणून तेथे जाण्यापूर्वी थोडी तयारी करावी लागते.

मेळघाट हा अमरावती जिल्ह्यातील सातपुडा पर्वताचा भाग आहे. येथे अनेक घाट एकत्र येतात, म्हणून हे नाव. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यातील पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते.

रात्री कल्याणला अमरावती एक्सप्रेसमध्ये बसलात, तर सकाळी अमरावतीला उतराल. तेथून एस.टी.ने परतवाड्याला जा. शेजारचे अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, हे वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. वेळ असेल तर तेही पाहा. औषधे, सुटे पैसे, विजेरी, खजूर, फुटाणे अशी खरेदी परतवाड्यातच उरका. पुढे घाट सुरू होतो. दुकाने विरळ होतात आणि अनेक ठिकाणी मोबाइलही लागत नाही. तेव्हा मुक्कामाचा पत्ता घरी आधीच सांगून ठेवा आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचा. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे चांगलीच थंडी पडते. आपल्या भिवंडीच्या हवेवरून अंदाज बांधू नका, स्वेटर घ्याच. पावसाळ्यात जायचे असेल, तर जंगलातील वाटा खुल्या आहेत का, याची वनखात्याकडे आधी चौकशी करा.

सर्वांना भीती वाटते ती वाघाची. पण पायी चालणाऱ्याने अस्वलालाही तितकेच भ्यावे. अस्वलाची नजर अधू असते. माणूस अचानक समोर आला की ते दचकते आणि अंगावर येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात. ती खायला अस्वल पहाटे झाडाखाली येते. म्हणून वाटाड्याशिवाय जंगलात शिरू नका आणि गाडीतून मध्येच उतरू नका.

दुसरी भीती आगीची. हे जंगल मुख्यतः सागाचे आहे. उन्हाळ्यात सागाची पाने गळून जमिनीवर त्यांचा जाड थर साचतो. एक जळती काडी किंवा विडीचे थोटूक पडले, तरी डोंगरच्या डोंगर पेटतो. त्यात पक्ष्यांची अंडी आणि हरणांची पाडसे जळून जातात. तुमच्याबरोबरच्या मोठ्या माणसांनाही हे अदबीने सांगा.

येथे कोरकू लोक राहतात. त्यांची कोरकू भाषा मराठीपेक्षा अगदी वेगळ्या कुळातील आहे. तेथील मुलेही तुमच्यासारखीच घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. त्यांच्याशी साध्या, सावकाश मराठीत बोला. १९९० च्या दशकात बालकांच्या कुपोषणामुळे मेळघाटचे नाव वर्तमानपत्रांत सारखे येत असे. तेव्हापासून कॅमेरे घेऊन येणारे पाहुणे या लोकांनी पुष्कळ पाहिले आहेत. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढू नका आणि कोणाच्या घरात डोकावू नका.

जंगलात डास असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि रात्री मच्छरदाणीत झोपा. हिवतापाची लक्षणे दिसायला दोन आठवडेही लागतात. घरी परतल्यावर थंडी वाजून ताप आला, तर लगेच रक्त तपासून घ्या आणि आपण मेळघाटात जाऊन आलो, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.