चक्रीवादळ काय हिरावून नेते?



आपल्या बारडोलीच्या आसमंतात पाहावे तिकडे उसाची हिरवी शेते दिसतात. मिंढोळेच्या काठी वाढलेल्या मुलाला समुद्री वादळ हा भूगोलाच्या पुस्तकातील एक धडा वाटला तर त्यात नवल नाही. परंतु समुद्र येथून फार दूर नाही. दांडी आणि डुमस येथील किनारे सकाळी जाऊन सायंकाळी परत यावे इतके जवळ आहेत. आणि समुद्रावर जन्मलेला वारा किनाऱ्याच्या रेषेपाशी थांबत नाही, याचा अनुभव आपण २०२१ च्या मे महिन्यात घेतला आहे.

त्या वर्षी अरबी समुद्रात 'तौक्ते' नावाचे चक्रीवादळ उठले. हे नाव म्यानमार देशाने सुचविलेले असून त्याचा अर्थ एक जातीची मोठी, आवाज करणारी पाल असा आहे. माझे मूळ गाव वेंगुर्ले तालुक्यात. घरची भाषा कोकणी. १६ मे रोजी रविवारी हे वादळ गोवा व सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होते. सकाळी आईशी बोलणे झाले, तेव्हा दूरध्वनीतून वाऱ्याचा घोंघाट तिच्या शब्दांपेक्षा मोठा ऐकू येत होता. मग तार तुटावी तसा आवाज तुटला. पुढे तीन दिवस घराशी काहीच संपर्क झाला नाही. मधल्या काळात तेच वादळ उत्तरेकडे येऊन १७ मे रोजी रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, दीव व ऊना यांच्या परिसरात आदळले. दक्षिण गुजरातेतही सोसाट्याचा वारा सुटला. आमच्या आळीतील जुना निंब उन्मळून पडला, आणि नवसारी-वलसाडच्या आमरायांत पाडाला आलेल्या कैऱ्यांचा खच पडला. चौथ्या दिवशी आईचा निरोप आला. ती एवढेच म्हणाली, "माणसां बरी आसत, पण माड गेले."

त्या एका वाक्यात वादळाच्या हानीचा सारा हिशेब सामावलेला आहे, असे मला पुढे अनेकदा वाटले. तो हिशेब समजून घेण्यासाठी प्रथम वादळ कसे होते हे पाहू.

समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सियसहून अधिक तापले, आणि ही उष्णता बरीच खोलवर असली, म्हणजे वादळाला लागणारे इंधन तयार झाले. अशा पाण्यावरील दमट हवा हलकी होऊन वर चढते. वर गेल्यावर तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात, आणि बाष्पाचे पाणी होताना त्यात साठलेली उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, खालचा दाब आणखी उतरतो व चोहोकडची हवा तेथे धाव घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ केंद्राकडे न जाता वळते, आणि आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगर फिरू लागते. प्रबळ वादळाच्या मध्यभागी जी शांत जागा राहते तिला वादळाचा डोळा म्हणतात. डोळा एखाद्या गावावरून जाऊ लागला की वारा अकस्मात पडतो, कधी आभाळही उजळते. वादळ सरले असे समजून अजाण माणसे घराबाहेर येतात. आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. आधी एका बाजूला कललेली झाडे मग दुसऱ्या बाजूला ढकलली जातात, आणि ढिली झालेली मुळे त्या दुसऱ्या धक्क्यात सुटतात.

वाऱ्याच्या जोराविषयी एक गणिती गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तिप्पट झाला की नऊपट. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात छत्री उलटते. १५० किलोमीटरचा वारा त्याच्या नऊपट जोराने घराच्या कौलांवर व झाडांच्या शेंड्यांवर येऊन पडतो. तौक्ते किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर होता, आणि मधले झोत १८५ पर्यंत जात होते. यावरून त्या रात्रीची कल्पना करावी.

ऋतूंचाही येथे संबंध आहे. ऐन पावसाळ्यात वरच्या व खालच्या थरांतील वारे परस्परांहून फार भिन्न असतात, त्यामुळे वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही. म्हणून अरबी समुद्रातील मोठी वादळे बहुधा मे-जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, अथवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पावसाळा सरल्यावर येतात. पूर्वीपासून बंगालचा उपसागर वादळांसाठी अधिक कुप्रसिद्ध. पण अलीकडे अरबी समुद्राचे पाणीही तापू लागले आहे. एकट्या २०१९ साली या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली.

आता हानीकडे वळू. प्राणहानीचा इतिहास आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही ठाऊक आहे. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. गुजरातच्या लोकगीतांत ती अजून जिवंत आहे. त्या काळी भर समुद्रातील जहाजाला मागून येणाऱ्या वादळाची बातमी पोहोचविण्याचे साधनच नव्हते. १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण वादळानंतर व पुढील दुष्काळांनंतर भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. बंदरांवर दिवसा बावटे व रात्री दिवे लावून नाखव्यांना इशारा देण्याची पद्धत रूढ झाली. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य किनाऱ्यावरची लहान पोरेही जाणतात.

तथापि इशारा देणे आणि तो शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. ९ जून १९९८ रोजी कंडला बंदराजवळ वादळ आले. वाऱ्याबरोबर समुद्राचे पाणी फुगून आत शिरले, आणि सखल मिठागरांत राहणाऱ्या मजुरांवर काळाने झडप घातली. हजाराहून अधिक माणसे त्या वादळात दगावली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १५ जून २०२३ रोजी, 'बिपरजॉय' हे वादळ त्याच कच्छच्या किनाऱ्यावर, जखौ बंदरानजीक आदळले. या खेपेस उपग्रहांनी त्याचा माग कितीतरी दिवस आधीपासून ठेवला होता, आणि सुमारे एक लाख लोकांना आगाऊ सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले होते. हजारो विजेचे खांब कोसळले, झाडे पडली. परंतु मृत्यू अगदी थोडे झाले. मित्रहो, मानवी ज्ञानाचा आणि शिस्तीचा याहून मोठा विजय मला दिसत नाही.

पण माणूस हलविता येतो, झाड हलविता येत नाही. येथूनच त्या दुसऱ्या हानीला आरंभ होतो, जिच्याकडे वर्तमानपत्रे दोन दिवसांनंतर पाठ फिरवितात.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले. वारा ताशी १०० ते १२० किलोमीटर. अवघ्या काही तासांत तेथील नारळ-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी सर्वत्र नावाजलेली. पोफळीचे खोड बारीक व उंच, मुळे उथळ, आणि झाडे दाटीने लावलेली. एक पडले की शेजारच्याला घेऊन पडते. माडाचे खोड लवचीक असते, तो वाऱ्यापुढे वाकतो व बहुधा तग धरतो. पण त्याला वाढीचा कोंब एकच, शेंड्याशी. शेंडा मोडला की उरलेले खोड उभे असले तरी ते मेलेलेच असते. हापूसच्या कलमाचा पसारा मोठा व कातळावरील माती थोडी. म्हणून ते मुळासकट उलथते. शिवाय वाऱ्याबरोबर उडालेले खारे पाणी उरल्यासुरल्या पानांना करपवून टाकते.

आता काळाचा हिशेब मांडा. उडालेले पत्रे आठवड्यात बसतात, पडलेले घर वर्षभरात उभे राहते. आपल्याकडील ऊस वाऱ्याने लोळला तर त्या हंगामाचे नुकसान होते खरे. पण पुढील हंगामात शेत पुन्हा हिरवे होते. पोफळ मात्र लावल्यापासून पाच-सात वर्षांनी फळ देते, माड सहा-आठ वर्षांनी, आणि आंब्याचे कलम भरघोस फळू लागण्यास दहा वर्षांहून अधिक लागतात. पोफळीवर चढविलेला मिरीचा वेल, तिच्या सावलीत वाढणारे जायफळ, हेही तिच्याबरोबर जाते. चाळिशीचा बागायतदार जे गमावतो ते त्याला पन्नाशीत परत मिळते. सत्तरीच्या बागायतदाराला ते मिळतच नाही.

या काळाची भरपाई करणे किती अवघड असते पाहा. निसर्ग वादळानंतर महाराष्ट्र शासनाने बागायतींसाठी मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. आकडा मोठा दिसतो. पण कोकणातील वाडी हेक्टरांत मोजत नाहीत, ती गुंठ्यांत मोजतात. एका हेक्टरात १०० गुंठे. म्हणजे दहा गुंठ्यांच्या मालकाच्या वाट्याला आले ५ हजार. पडलेली झाडे तोडून उचलून नेण्याची मजुरीही त्यात भागत नाही. म्हणून झाडामागे भरपाई मिळावी अशी मागणी पुढे आली, व ती रास्त होती.

ही कथा केवळ आपल्या देशाची नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात एका रात्रीच्या वादळाने दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी वृक्ष पाडले. झाडांची पाने अजून झडली नव्हती, त्यामुळे वारा शिडात भरावा तसा त्यांत भरला. थंड देशांच्या किनाऱ्यावर वाऱ्याच्या जोडीला हिमवर्षाव असतो. फांद्यांवर व तारांवर ओल्या बर्फाचे ओझे साचते, आणि मग वाऱ्याचा हलका धक्काही पुरतो. निमित्त वेगळे, पडलेल्या झाडाची वाट पाहण्याचा काळ तोच.

मग उपाय काय? वादळ थांबविणे आपल्या हाती नाही. त्याचा जोर मोडणे थोडेफार आहे. किनाऱ्यालगत सुरू, उंडी, केवडा यांची दाट रांग वाऱ्याला अडविते. खाडीतील खारफुटी समुद्राच्या लाटांना थोपविते. ती तोडून जेथे बांधकामे होतात, तेथे गाव आपलेच कुंपण काढीत असते. वाडीत एकाच जातीची, एकाच वयाची झाडे न ठेवता निरनिराळ्या वयांची ठेवली, तर एका तडाख्यात सर्वस्व जात नाही. आणि आपल्यासारख्यांनी इशारा ऐकला की तो मानावा, शेजाऱ्यास सांगावा, आणि वारा मधेच पडला तरी घराबाहेर पडू नये.

पुढील दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा आमच्या परसातील अकरा माडांपैकी चार उभे होते. वडिलांनी पडलेल्या प्रत्येक माडाच्या शेजारी खड्डा खणून नवी रोपे लावली होती. त्यांचे वय तेव्हा बहात्तर. मी न राहवून विचारले, "बाबा, याचे नारळ कधी लागणार?" ते रोपाभोवतीची माती पायाने दाबीत म्हणाले, "माका नाय, तुका लागतले."

मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या शेतावर आंबा असेल, चिकू असेल. तो कोणी लावला, हे आज घरी जाऊन विचारा. आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्या शेजारी आपल्या हाताने एक रोप लावा.