रात्रीचा राखणदार : जुना संगणक आणि वेबकॅम

आपल्यापैकी अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांचे घर व गुदाम एकाच छपराखाली असते. खाली माल, वर कुटुंब. त्यामुळे घराची सुरक्षा हा धंद्याचाही प्रश्न ठरतो. रात्रीचा राखणदार ठेवणे प्रत्येकाला परवडत नाही. अशांसाठी एक कमी खर्चाचा उपाय आहे. घरात पडून असलेला जुना संगणक, एक वेबकॅम आणि हालचाल ओळखणारे सॉफ्टवेअर एवढेच त्याला लागते.

वेबकॅमचा जन्मच मुळी पहाऱ्यासाठी झाला. १९९१ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातील संगणक संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. भांडे रिकामे असेल तर जिने चढण्याची पायपीट वाचावी, एवढाच हेतू होता. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आले आणि २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला.

या सॉफ्टवेअरचे काम समजायला सोपे आहे. चित्र म्हणजे ठिपक्यांची वीण. ६४० बाय ४८० च्या चित्रात ३,०७,२०० ठिपके असतात. सॉफ्टवेअर नवे चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहते. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ठिपके बदलले तरच ते चित्रण साठवते. लिनक्सवर चालणारे ‘मोशन’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात ही मर्यादा मुळात १५०० ठिपक्यांची असते. ती आपल्याला बदलता येते. सकाळी आठ तासांचे चित्रण पाहत बसावे लागत नाही.

मी गुदामात हे बसवले तेव्हा पहिल्याच रात्री चित्रांचा ढीग जमला. पंख्याने हलणारा पडदा, रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड आणि एक मांजर! पंखा बंद केला, कॅमेरा खिडकीकडून दाराकडे वळवला, मर्यादा थोडी वाढवली. मग ढीग आटोक्यात आला.

काही महिन्यांनी मालात चार तागे कमी भरले. संशय हमालावर गेला. तीन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगणारच होतो. त्याआधी सगळ्या रात्रींचे चित्रण पाहिले. मांजराशिवाय कोणी दिसेना. पण कॅमेरा फक्त रात्री चालू असे, दिवसाची साक्ष त्याच्याकडे नव्हती. म्हणून चलनाची फाइल काढली आणि प्रत्येक गठ्ठ्यावरचा आकडा पुन्हा मोजला. रंगाईहून मालच चार तागे कमी आला होता. आमच्या माणसाने न मोजता चलनावरून नोंद केली होती. मी त्या हमालाची माफी मागितली. चोर सापडला नाही, पण एका गरिबाची रोजी माझ्या हातून जाता जाता वाचली.

बसवणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) चोर संगणकही उचलून नेतो. चित्रणाची प्रत लगेच दुसऱ्या जागी किंवा इंटरनेटवरील साठ्यात जाईल अशी सोय करा.

२) साध्या वेबकॅमला अंधारात दिसत नाही. एक छोटा दिवा जळता ठेवा. वीज जाते तेथे इन्व्हर्टर हवा.

३) कॅमेरा इंटरनेटला जोडलेला असेल तर कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने असे पासवर्ड वापरूनच जगभरातील असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते.

४) शेजाऱ्याचे दार आणि घरातील स्त्रियांचा वावर चित्रात येता कामा नये. चित्राचा काही भाग झाकण्याची सोय ‘मोशन’मध्ये आहे. कामगारांनाही कॅमेऱ्याची आधी कल्पना द्या. चोरून पाहणे ही राखण नव्हे.

५) संगणकाचे घड्याळ बरोबर ठेवा आणि मूळ चित्रणात फेरफार करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असे चित्रण कोर्टात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते.

शेवटी, बसवल्यावर घरातल्याच एकाला रात्री गुदामातून चालायला सांगा आणि सकाळी तो चित्रात दिसतो का पाहा. कुलूप आणि वही मात्र पूर्वीसारखीच सांभाळा. काय हलले हे कॅमेरा सांगेल. कोण दोषी, हे चौकशी करूनच ठरवायचे असते.