निवृत्तीचा पैसा कुणाच्या हातात?

(वडनेर भोलजी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोर शिक्षक दिसताहेत, एसटीतून निवृत्त झालेले दिसताहेत, दुकानदार आहेत, शेतकरी तर आहेतच. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच आहे. आयुष्यभर साठवलेला पैसा म्हातारपणी कामाला येईल का?

माझ्या ओळखीचे एक मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले तेव्हा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सगळं मिळून ३० लाख हातात आले. त्यातल्या २७ लाखांचे दोन प्लॉट घेतले. म्हणाले, “आता माझा पैसा माझ्या हातात.” तिसऱ्या वर्षी पत्नीचं ऑपरेशन निघालं. चार लाख हवे होते. प्लॉट होता, भावही वाढला होता. पण प्लॉटचा एक कोपरा कापून दवाखान्याच्या काउंटरवर देता येत नाही ना! शेवटी सुनेचं सोनं गहाण ठेवावं लागलं. तेव्हा मला कळलं की मालकी वेगळी आणि ताबा वेगळा.

आता हा ताबा हवासा का वाटतो, तेही समजून घेऊ. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. पगारातून अंशदान कापलं जायचं, सरकार आपला वाटा घालायचं, आणि पेन्शन किती मिळेल ते बाजारावर सोडलेलं. त्या अस्वस्थतेतूनच १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यभर संप झाला. पुढे २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली, राज्य मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली. म्हणजे निवड करायची वेळ आता कर्मचाऱ्यावर आली. आणि निवड करायची तर आधी माहिती हवी.

कुठल्याही गुंतवणुकीला मी तीन प्रश्न विचारतो. निर्णय कोण घेतं? वस्तू कुणाच्या नावावर आणि कुणाकडे आहे? आणि बाहेर पडायचा रस्ता कुठला?

राष्ट्रीय पेन्शन योजनेला, म्हणजे एनपीएसला, हे प्रश्न लावून बघा. १ मे २००९ पासून ती सर्व नागरिकांसाठी खुली आहे. दुकानदार, शेतकरी, कुणीही खातं काढू शकतो. इथे पैसा शेअरमध्ये किती, कंपन्यांच्या रोख्यांत किती, सरकारी रोख्यांत किती, हे खातेदार स्वतः ठरवू शकतो. फंड सांभाळणारी कंपनी निवडू शकतो, बदलूही शकतो. सरकारी कर्मचाऱ्याचं थोडं वेगळं आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना अशी निवड १ एप्रिल २०१९ पासून मिळाली. राज्याच्या कर्मचाऱ्यांना ती राज्याच्या निर्णयानुसार मिळते. म्हणून पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी विचारा, “माझ्या प्रान खात्याला कोणता पर्याय लागू आहे?” बाहेर पडतानाची अटही आधीच माहीत असू द्या. सरकारी कर्मचाऱ्याला साठीला किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी, म्हणजे नियमित पेन्शन, घ्यावीच लागते.

आता एक गंमत ऐका. एनपीएसमध्ये पर्यायी गुंतवणुकीसाठी ‘ए’ नावाचा वर्ग ठेवला, तेव्हा त्याला मर्यादा घातली ५ टक्क्यांची. शंभरातले फक्त पाच रुपये! ज्यांचा धंदाच पैसा सांभाळण्याचा, त्यांना पाचाच्या वर परवानगी नव्हती. आणि आपले मुख्याध्यापक? शंभरातले नव्वद.

कुणी म्हणेल, अमेरिकेत तर लोक निवृत्तीच्या खात्यातून घर घेतात, सोनं घेतात. खरं आहे. तिथे १९७४ च्या कायद्याने वैयक्तिक निवृत्ती खाती सुरू झाली, आणि त्यातलाच एक प्रकार असा आहे की गुंतवणूक कशात करायची ते खातेदारच ठरवतो. पण त्याचे नियम बघा. खात्यातून घेतलेल्या घरात स्वतः राहता येत नाही. बायको-मुलांकडून ते विकत घेता येत नाही. कागदपत्रं तिसरीच संस्था सांभाळते. आणि ती संस्था फक्त सांभाळते. गुंतवणूक चांगली की वाईट, हे तपासत नाही. फसलात तर तुमचं तुम्ही. स्वातंत्र्य जितकं मोठं, तितकी तपासणीची जबाबदारी आपल्या डोक्यावर.

आता आपल्या गावाकडच्या पर्यायांना तेच तीन प्रश्न लावू.

पतसंस्था जास्त व्याज देते. पण बँकेतल्या ठेवीला माणशी, एका बँकेत, ५ लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो एकच लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी आपण मुद्दल उघड्यावर ठेवतो, एवढं लक्षात असू द्या.

प्लॉट घेताय? मग जमीन एनए आहे का, लेआउट मंजूर आहे का, आणि तुमचं नाव उताऱ्यावर चढणार का, हे सौद्याआधी बघा. नुसत्या नोटरीच्या कागदावर मालकी येत नाही.

आणि स्थावरात पैसा घालायचाच असेल, तर रीट नावाचा मार्ग आहे. देशातला पहिला रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. मोठ्या इमारतींच्या भाड्यातून जे वाटपायोग्य उरतं, त्यातला किमान ९० टक्के हिस्सा तो धारकांना वाटतो. भाव खाली-वर होतो, हे खरं. पण चार लाख हवे असतील तर तेवढेच विकता येतात.

(श्रोत्यांतून एक ज्येष्ठ : “सर, पण बँकेत पैसा वाढत नाही, अन् पलाट तर आमच्या डोयासमोर दुप्पट झाला. त्याचं काय?”)

काका, बरोबर बोललात. दुप्पट झाला. पण विकला का? (हशा) विकेपर्यंत तो दुप्पट फक्त गप्पांत असतो. मी प्लॉट घेऊ नका म्हणत नाही. क्रम बदला म्हणतो.

आधी दर महिन्याचं पोट. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर आज ८.२ टक्के आहे. १० लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी २०,५०० रुपये खात्यात येतात. या व्याजावर कर लागू शकतो, तो हिशेबात धरा. मग दवाखान्याचे पैसे बाजूला काढा, दोन दिवसांत हाती येतील असे. हे दोन्ही झाल्यावर जे उरेल, त्यातून प्लॉट, सोनं, रीट, जे पटेल ते घ्या. बुडालं तरी चूल बंद पडणार नाही, एवढंच.

आज घरी गेल्यावर एक काम करा. एका कोऱ्या पानावर सगळी खाती लिहा, प्रत्येकापुढे वारसाचं नाव लिहा, आणि ते पान घरच्यांना दाखवा. ज्या पैशाचा पत्ता फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, तो तुमच्यानंतर घरच्यांच्या हाती लागेलच असं नाही.