अंडपेशीचा सूक्ष्मवेध : कंपनाचे साहाय्य

सूक्ष्मनलिकेने सस्तन प्राण्याच्या अंडपेशीत शुक्राणू सोडावयाचा झाल्यास दोन भिन्न गुणधर्मांची आवरणे भेदावी लागतात. बाहेरील पारदर्शी वेष्टन जाड व चिवट असते. त्याच्या आतील पेशीपटल अत्यंत पातळ व लवचीक असते. खरी अडचण या पटलाची आहे. टोकदार नलिका हळूहळू दाबली असता ते फाटत नाही, नलिकेबरोबर आत ताणले जाते. मग थोडे पेशीद्रव्य नलिकेत ओढून ते फोडावे लागते. मानवी अंडपेशी हा आघात बहुधा सोसते; या पद्धतीने झालेल्या गर्भधारणांचा वृत्तांत ब्रुसेल्स येथील पालेर्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. उंदराची अंडपेशी मात्र बहुतेक वेळा दगावत असे.

१९९५ मध्ये हवाई विद्यापीठातील किमुरा व यानागिमाची यांनी या अडचणीवर दाबविद्युत् परिणामाचा उपाय योजला. काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत्‌भार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले होते. याउलट, अशा पदार्थास विद्युत्‌दाब दिल्यास त्याची लांबी किंचित बदलते. या बदलामुळे नलिकेस अत्यल्प अंतराचे, परंतु तीव्र वेगाचे हिसके देता येतात. नलिकेचे टोक येथे अणकुचीदार नसून सपाट असते. प्रथम स्पंदांच्या मालिकेने वेष्टनाचा लहानसा तुकडा कापून काढतात. नंतर नलिका पटलासह खोल दाबून एखादाच सौम्य स्पंद देतात. ताणलेले पटल तेवढ्याने फुटते. हळू दाबास पटल ताणून जुळवून घेते. आकस्मिक हिसक्यास जुळवून घेण्याइतका अवधी त्यास मिळत नाही. या रीतीने शुक्राणू सोडलेल्या सुमारे ८० टक्के अंडपेशी जगल्या व त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांची वाढ काचपात्रात कोरकपुटीच्या अवस्थेपर्यंत झाली. याच विद्यापीठातून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांच्या कृंतक-निर्मितीतही हे उपकरण उपयोगी पडले.

तथापि या यशास एक उणीव चिकटून राहिली. वेध नीट व्हावा म्हणून नलिकेत पाऱ्याचा लहान स्तंभ ठेवण्याची प्रथा पडली, आणि पारा तर विषारी. कनेक्टिकट विद्यापीठातील ओल्गाच यांच्या गटाने नलिकेच्या गतीचे विश्लेषण केले. नलिकेचे टोक केवळ अक्षाच्या दिशेने हलत नाही, तर बाजूंनाही लक्षणीय प्रमाणात डोलते, असे त्यांस आढळले. म्हणून त्यांनी नलिकेस तिच्याच अक्षाभोवती मागे-पुढे फिरविणारे, पारारहित साधन सिद्ध केले. अन्यत्र पाऱ्याऐवजी फ्लुओरीनयुक्त जड द्रवही वापरात आला.

सारांश, सौम्य वेध म्हणजे केवळ कमी बळाचा वेध नव्हे. कंपनाची दिशा, वेग व क्षण यांचे नियमन हेच त्याचे मर्म होय.